धुऱ्यावरचा शब्द

हे मी आजवर कोणाजवळही बोललेली नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. आणि मी म्हणजे कशी — सासूबाईंनी हौसेने दिलेला काचेचा डिनर सेट मला आवडला नव्हता, म्हणून त्यातला मोठा वाडगा मी मुद्दाम हातातून सोडला, हेसुद्धा नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगून मोकळी झालेली बाई. ‘हिच्या तोंडात तीळ भिजत नाई’ असं आई अख्ख्या गावाला सांगत असते. आई, एक तीळ भिजलाय गं. कितीतरी वर्षं भिजत पडलाय.

मग तुम्हालाच का? माहीत नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला माणूस घरातलं काहीबाही सांगून टाकतो आणि आपला थांबा आला की उतरून जातो — तसं समजा.

सांगायचं तर एका वाक्यात सांगून होईल. पण नको. एकदम सांगितलं तर तुम्हाला वाटेल, ‘एवढंच?’ — म्हणून आधी ते दिवस सांगते. आणि खरं सांगू का? ते दिवस आठवायला मला अजूनही फार आवडतं. पंचाईत तीच आहे.

आमचं गाव आर्वीकडचं. आर्वीच्या कॉलेजातून बी.ए. झाले आणि वर्ध्याला शाश्वत विकास या विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला. आमच्या गल्लीत हे नावच कोणाला झेपेना. शेजारच्या बायांनी आईला विचारलं, तर आई ठसक्यात म्हणाली, “सरकारी अस्ते ते काही तरी.” माझ्या काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, एकच प्रश्न विचारला — नोकरी लागते का? बाबांनी मात्र विचारलं, त्यात शिकवतात काय. मी म्हटलं, आज आपण वापरायचं, पण मागून येणाऱ्यांसाठीही राहू द्यायचं, ते कसं जमवायचं ते शिकवतात. बाबा म्हणाले, “म्हंजे तुह्या आईची लोणच्याची बरणी.” आईने लाटणं उगारलं. मी हसून हसून लोळले.

वर्ध्याचं ते वसतिगृह, भाड्याची सायकल, सकाळी कडुलिंबाच्या सावलीतून वर्गावर जाणं — काय दिवस होते हो! चहात गोरसपाक, म्हणजे वर्ध्याचं खुसखुशीत बिस्कीट, बुडवायचा आणि तो कपात विरघळायच्या आत तोंडात टाकायचा, यावर आमच्या पैजा लागत. माझ्या खोलीत कारंजा घाडग्याची सुषमा होती. तिच्या भावाचा हायवेवर ढाबा. ट्रकवाल्यांच्या तोंडच्या एकेक शिव्या ती अशा गोड आवाजात म्हणून दाखवायची की मेसवाल्या काकू तिला फार गुणी मुलगी समजत.

आणि ती गावोगावची भ्रमंती! देवळापुढच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, आणि तो आम्ही नाही, गावातल्या बायांनी. सुरुवातीला त्या तोंडाला पदर लावून हसत उभ्या राहत. मग एखादी म्हातारी पुढे होई, ‘सरक, तुले काय येते’ म्हणून कोणाच्या तरी हातातली रांगोळी ओढून घेई, आणि पाहता पाहता विहिरी, नाला, स्मशान, कोणाचं घर गळतं, कोणाची सून नांदत नाही — सगळं अंगणात उतरे. मी त्या बायांमध्ये बसले की मला माझीच माणसं वाटत. शहरातून आलेल्या मुलांना ती विद्या होती, मला ते घर होतं. तरी मी घरच्यासारखी वागत नव्हते. माझी जीभ दोन ठिकाणी दोन प्रकारे चाले. वर्गात ‘मला’, ‘तुला’. शनिवारी आर्वीच्या बसमध्ये बसले आणि बसने आंजी हे गाव मागे टाकलं, की ‘मले’, ‘तुले’. एकदा बाबांचा फोन वर्गाबाहेर घेतला तेव्हा मी त्यांच्याशी ‘मला’ म्हणून बोलले. बाबा म्हणाले, “कोण बोलून राह्यलं?”

हसले ते. मीही हसले.

पण मूळ गोष्ट पहिल्याच दिवसाची आहे. मी टाळत होते.

बाबा मला वर्ध्याला सोडायला आले होते. भर फवारणीचे दिवस, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या वर गेलेली. वावरातून थेट आलेला माणूस — धुतलेला शर्ट घातला तरी औषधाचा तो उग्र वास काही जात नाही, अंगात मुरतो. बसस्टँडवर मी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले. माझ्या बॅगा त्यांच्या दोन्ही हातांत, आणि मी लांब. त्यांना ते कळलं का? कळलं असेल. ते म्हणाले, “वास येते काय वं? धुतलं होतं म्या.” आणि ते स्वतःच आणखी थोडे बाजूला झाले.

त्याच दुपारी वर्गात ओळखी झाल्या. मॅडमनी — आमच्या मॅडम फार मायाळू बाई, त्यांचा यात काडीचा दोष नाही — प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घराचा मातीशी काय संबंध? एकीची आई गच्चीवर भाज्या लावत होती. एकाच्या मामाची विषमुक्त फळबाग होती. त्याने असं काही सांगितलं की फवारणी करणारा शेतकरी म्हणजे जणू गावाला विष पाजणारा माणूस. सगळे माना डोलावत होते. मग माझी पाळी आली. त्या अख्ख्या वर्गात खरोखर मातीवर जगणारं घर एकटं माझं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, माझे वडील नैसर्गिक शेती करतात. फवारणी नाही, रासायनिक खत नाही. शेण, गोमूत्र, पाला. बस्स.

कोणी विचारलं होतं का मला तसं? नाही. अभिमानाने सांगण्यासारखं काही नव्हतं का बाबांबद्दल? ढीगभर होतं! पण मी हेच म्हटलं. मॅडमच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला आतून गरम गरम वाटलं. त्या दिवसापासून वर्गात माझी एक जागा झाली. चर्चा कुठेही अडली की सगळे माझ्याकडे वळत — हिच्या घरी करतात, हिला विचारा. आणि मी सांगत असे! पुस्तकातलं वाचून, बाबांच्या नावावर.

आता पुढचं कळायला तुम्हाला बाबा कसे होते ते कळायला हवं.

आमच्याकडे वावरा-वावरात जो बांध असतो त्याला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून भांडणं होतातच. नांगरताना एखादा वीतभर पुढे सरकतो, की झाली सुरुवात. आमच्या गावात त्याचा निवाडा कसा व्हायचा — ज्याचं म्हणणं असेल त्याने धुऱ्यावर अनवाणी उभं राहायचं आणि सर्वांदेखत सांगायचं, माझी हद्द इथपर्यंत. तिथं उभं राहून जे बोललं ते बोललं. पुढे कोणी ते फिरवत नसे. चावडीवर खोटं बोलणारे पुष्कळ, देवळातही बोलणारे आहेत, पण धुऱ्यावर उभं राहून खोटं बोललेला माणूस आमच्या गावाला माहीत नव्हता. आणि अशा वेळी दोन्ही बाजू ज्याला बोलावत, ते माझे बाबा. सोयरिकीच्या बैठकीलाही तेच. मुलीकडचे असोत की मुलाकडचे, बाबा पुढच्या चटईवर. ते ‘हव’ म्हणाले की सुपारी फुटायची. फार बोलणारा माणूस नव्हता तो. शब्द मोजून द्यायचा, दिला की पाळायचा. त्याला दुसरी मिरास नव्हती.

आणि पहिल्याच वर्षीच्या हिवाळ्यात मॅडम म्हणाल्या, यंदाची क्षेत्रभेट वैशालीच्या — म्हणजे माझ्या — वडिलांच्या शेतावर.

झाली ना फजिती! सुषमा गळ्यात पडली — तुझ्या आईच्या हातचं खायला मिळणार! मी हसले, आणि आदल्या दिवशीच गावी पळाले. आई बाजाराला आर्वीला गेली होती. बाबा वावरात एकटे होते, वेचणी आटपून चिलटं हाकत बसलेले. मी त्यांना सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरचा कापूस झटकला. मग म्हणाले, “तुह्या शिक्षणाचा सवाल आहे ना?” मी मान हलवली. “मंग सांग, काय म्हणाचं त्याइले.”

आणि मी शिकवलं. माझ्या बापाला मी खोटं बोलायला शिकवलं, धडा पाठ करून घेतात तसं. जीवामृतात काय पडतं, दशपर्णी अर्काला कोणकोणता पाला लागतो. ते ओठ हलवत म्हणत होते, मध्येच रुईचा पाला विसरत होते. मी वैतागत होते. मग आम्ही दोघांनी फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, खताची रिकामी पोती बैलबंडीत घातली आणि नाल्यापलीकडच्या कडब्याच्या गंजीत लपवली. आईला फक्त एवढंच माहीत की कॉलेजची पोरं शेती पाहायला येणार.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग आला. पोरं फुटलेल्या पऱ्हाटीत शिरू नयेत, कापूस सांडू नये, म्हणून मी सगळ्यांना धुऱ्यावर ओळीने उभं केलं. मी केलं. बाबांनाही मीच म्हटलं, इथे वर या, सगळ्यांना ऐकू जाईल. ते क्षणभर खालीच थांबले होते. मला वाटलं, लाजतायत. मी हात धरून त्यांना वर घेतलं. त्यांनी चपला खाली काढून ठेवल्या होत्या.

बाबा छान बोलले. पाला बरोबर सांगितला, रुईसकट. मग मॅडमनी विचारलं, फवारणी सोडावीशी का वाटली? हे मी शिकवलंच नव्हतं. बाबा माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घातली. तेव्हा ते म्हणाले, “पोरगी म्हणे, आपल्या मागंही वावर राह्यलं पाह्यजे. मंग सोडली.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या फळबागवाल्या मुलाने विचारलं, काका, पण पीक गेलं तर परत सुरू कराल? बाबा म्हणाले, “नाई. आता माह्या हातानं फवारा होणार नाई.”

टाळ्या पुन्हा. मीही वाजवल्या.

घरी आईने गोळाभात केला होता, पाटोडीची रस्साभाजी, कढी. पोरांनी बोटं चाटली. मॅडम आईला म्हणाल्या, बिनविषारी अन्नाची चवच वेगळी. आईला वाटलं, आपल्या हाताला चव आहे म्हणतायत. ती इतकी खूश झाली की मॅडमना तिने ओटी भरूनच सोडलं. सगळे गेल्यावर मी बाबांच्या गळ्यात पडले. म्हटलं, बाबा, वाचवलं तुम्ही मला. ते हसले नाहीत. मला वाटलं, थकलेत.

पुढच्या जेठात सुट्टीला घरी गेले तर अंगणात जीवामृताचा निळा ड्रम आणि त्यातून असा वास की कुत्रंसुद्धा लांबून जाई. आईचा पारा चढलेला. “घरात भज्याले बेसन नाई अन् हा मानूस टाकीत बेसन कालवून राह्यला!” बाबांनी औषध आणलं नव्हतं, खत आणलं नव्हतं. मी त्यांना वावरात गाठलं. म्हटलं, बाबा, काऊन? ते तर त्या दिवसापुरतं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परगावची. “धुऱ्यावर बोललो ना बाई,” म्हणाले, “आता ते खोटं कसं पडू देऊ?”

तेव्हा मला समजलं, त्या दिवशी ते धुऱ्याखाली का थांबले होते.

मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. नको, सांगू नका. मला माहीत आहे. तिथल्या तिथे त्यांचा हात धरून घरी न्यायला हवं होतं आणि आईला सांगायला हवं होतं — हे माझं खोटं, बाबांचं नाही, त्यांना यातून सोडव. मी काय केलं? मला आनंद झाला! हो. मला वाटलं, चला, आता ते खरंच झालं, आता मी खोटी राहिले नाही. परीक्षेसाठी लिहायचा प्रबंधही मी त्याच वावरावर लिहिला. मॅडम म्हणाल्या, असं काम या वर्गात पूर्वी झालं नाही.

पहिलं साल कसंबसं निघालं. दुसऱ्या साली बोंडअळी आली. बाबा तो पाल्याचा अर्क घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरत. नवख्याचं काम ते. कुठे पातळ झालं, कुठे वेळ चुकली, कोण सांगणार? शिकवणारी मी, आणि मला पुस्तकाबाहेरचं काय येत होतं? शेजारच्या वावरात कापूस पांढराशुभ्र फुटलेला आणि आमच्यात काळी, किडकी बोंडं. लोक जाता-येता धुऱ्यावर थांबून बघत. कोणी टोमणा मारला की बाबा नुसते मान हलवत. आईने किती वेळा विचारलं, भांडून विचारलं, रडून विचारलं — कोणं भरवलं तुमच्या डोक्यात हे? बाबा गप्प. कारण सांगायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प. आणि त्या दिवशी धुऱ्यावर गावातलं दुसरं कोणी नव्हतं.

आता येते त्यावर.

दिवाळीनंतर काका आर्वीहून आला. वावर दोघा भावांचं सामाईक होतं, कारभार पहिल्यापासून बाबांचा. काका वाईट माणूस नाही. त्याचीही मुलं शिकत होती, त्याचाही त्या कापसावर हिशोब होता. ओसरीत सगळे बसले. चहा झाला. काका खाली मान घालूनच बोलला, “दादा, तुले काही बोलाचं नाई मले. पण असं कसं चालन? काऊन करून राह्यला तू हे?” आई चौकटीला टेकून उभी. बाबा आपल्या पायांकडे पाहत होते. मग काका माझ्याकडे वळला. म्हणाला, “वैशू, तू त्यातलंच शिकली. तूच सांग, बरोबर आहे का हे?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबा सोडून.

माझं एम.ए. झालं होतं. पहिल्या श्रेणीत. एका संस्थेत नोकरीची बोलणी चालली होती, त्याच प्रबंधाच्या जोरावर. मला एवढंच म्हणायचं होतं — काका, हे माझ्यामुळे आहे. चार शब्द. घसा कोरडा पडला होता असं म्हणू का? नव्हता पडला. मी स्वच्छ आवाजात बोलले, वर्गात बोलायचे तसं. मी म्हटलं, “काका बरोबर म्हणतात. सगळं एकदम सोडून चालत नाही. आणि बाबांनी करायच्या आधी घरात कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं.”

‘पाहिजे होतं.’ मी ‘मला’च्या भाषेत बोलले होते, आमच्या ओसरीत, माझ्या बापाविरुद्ध.

हेच ते. हेच सांगायचं होतं.

तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. लहानपणी मी सायकलवरून पडले की बघायचे ना — लागलं का हिला — तसं. मग काकाला म्हणाले, “हव. विचाराले पाह्यजे होतं. उद्यापासून तू पाह्य वावराचं.” आणि उठून गोठ्याकडे गेले.

त्यानंतर कारभार काकाकडे गेला. पुढच्या हंगामात फवारणी पुन्हा सुरू झाली. पीक आलं, घर सावरलं, सगळे म्हणाले, बरं झालं. बाबांनी मात्र पंपाला हात लावला नाही. काकाने मजूर लावले, तेव्हा बाबा ढोरं घेऊन माळावर जात. आपल्याच वावरात काय पेरायचं ते ते धाकट्या भावाला विचारत. आणि गावाने त्यांना बोलावणं सोडलं. कोणी मुद्दाम नाही — पण घरचंच ज्याला सांभाळता आलं नाही त्याला दुसऱ्याच्या धुऱ्यावर कशाला न्यायचं, असं आपोआप होत जातं. सोयरिकीच्या चटईवरची त्यांची जागाही गेली.

माझ्या स्वतःच्या सुपारीला पुढे काका बसला होता. बाबा मागे, भिंतीला टेकून, नवी टोपी घालून. मुलाकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, मुलीचे वडील काही बोलत नाहीत? माझ्या आईनेच हसून सांगितलं, “त्याइले इच्चारू नका, त्याइच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं होतं.” सगळे हसले. मी आतल्या खोलीत डोक्यावर पदर घेऊन बसले होते आणि मला सगळं ऐकू आलं.

आज मी त्याच संस्थेत आहे. वर्ध्याच्या आसपासच्या गावांत शेतकऱ्यांच्या बैठका घेते, आणि चांगल्या घेते. मी त्यांना सांगते, सगळं एकदम सोडू नका, एका तुकड्यात करून पाहा, घरात विचारून करा. लोकांना पटतं. एकदा कोणीतरी विचारलं, मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात? मी विद्यापीठाचं नाव सांगितलं.

बाबा दोन पावसाळ्यांपूर्वी गेले. एकटे असताना त्यांच्याजवळ बोलायला मला किती तरी दुपारी मिळाल्या. मी त्यांच्यासाठी गोरसपाक घेऊन जायचे, ते खायचे, नातवाचं विचारायचे. मी निघायचे. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी काढू दिला नाही.

यंदा उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली होती. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता, आम्ही दोघी गव्हाच्या कुरडयांचा चीक घोटत होतो. आईचा हात थांबला. म्हणाली, “मी त्याले लय बोलली वं. लोकाइपुढं बोलली. तो असा नव्हता, वैशू. त्यानं उगाच काही केलं नसन.” मी घोटत राहिले. “तुह्यावर त्याचा लय जीव होता,” ती म्हणाली, “तुले तरी सांगतलं होतं का त्यानं, काऊन केलं तसं?”

मी म्हटलं, “नाई आई. मले काही नाई बोलले.”

तिने पुन्हा घोटायला घेतलं. मग म्हणाली, “मंग खूळच असन.”

मी म्हटलं, “हव.”